क्लब (जिम) लावावा की वजनं घरीच आणावीत? माझा अनुभव

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात रिपोर्ट हातात आला. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर, ६.२. म्हणजे ५.७ ते ६.४ या मधल्या पट्ट्यात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझं वय ४८, बँकेत दिवसभर खुर्चीवर बसून काम. डॉक्टरांना म्हटलं, मी रोज सकाळी चालते. ते म्हणाले, चालणं सोडू नका, पण तेवढ्यावर भागणार नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलायचं मोठं काम स्नायू करतात आणि चाळिशीनंतर स्नायू कमी होत जातात. आठवड्यात किमान दोन दिवस वजनं उचला. जागतिक आरोग्य संघटनेचंही तेच सांगणं आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा.

त्या रात्रीपासून घरात एकच चर्चा. यांचं मत पडलं, ट्रेडमिल घ्यावी. मुलगी म्हणाली, क्लब लाव, घरी तू करणार नाहीस. सासूबाईंचं तिसरंच. माझे सासरे तरुणपणी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात जायचे. १९१४ सालची ती संस्था, तिथली शिस्त त्यांनी आयुष्यभर पाळली. आई म्हणाल्या, "सुनबाई, बाबांले कुठं मशीन लागली होती? अंगणात दंड-बैठका काढत होते."

ट्रेडमिलचा विषय मी पहिल्यांदा मिटवला. नागपुरात अंबाझरी तलावाच्या बाजूला सकाळी चालायला जाते, तिथली हवा मला घरात मिळणार नाही. शिवाय ट्रेडमिलला जागा लागते, पट्ट्याखाली सिलिकॉन तेल घालत राहावं लागतं, मोटर जपावी लागते. मला हवी होती वजनं.

मग त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर भागातले तीन क्लब बघितले. एका ठिकाणी वर्षाचे सोळा हजार सांगितले, त्यावर १८ टक्के जीएसटी. मी बँकेतली, लगेच विचारलं की २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा कर ५ टक्के झालाय ना? समोरचा मुलगा म्हणाला, मॅडम, आमचा दर तोच आहे. मी उठून आले. दुसऱ्या ठिकाणी महिलांची खास वेळ सकाळी अकरा ते दुपारी चार! नोकरी करणाऱ्या बाईनं त्या वेळेत यायचं कसं, याचा विचार कोणी करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. तिसऱ्या ठिकाणी तीन महिन्यांचे साडेसहा हजार घेतले. वर्षाचं भरलं तर महिना स्वस्त पडतो हे खरं, पण जे आपल्याला झेपेल की नाही तेच ठाऊक नाही, त्याचे वर्षाचे पैसे आधी भरू नयेत.

त्या साडेसहा हजारांचं चीज झालं ते एका मुलीमुळे. चोवीस-पंचवीस वर्षांची ट्रेनर. पहिल्या दिवशी तिनं मला वजनाला हातच लावू दिला नाही. एक लाकडी काठी आणली, माझ्या पाठीवर उभी धरली. "ताई, काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. डोक्याला, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला. आता वाका." मी वाकले की काठी माकडहाडापासून सुटायची. मला वाटत होतं मी कमरेतून वाकते आहे, प्रत्यक्षात पाठ गोल होत होती. म्हणजे इतकी वर्षं सिलिंडर, पाण्याचा हंडा, बाजाराची पिशवी मी पाठीवर ताण घेऊनच उचलत आले. नितंब मागे ढकलून वाकायचं हे अंगात बसायला पंधरा दिवस गेले. मोबाइलवरचे व्हिडिओ मी महिनाभर बघितले होते. त्यातून हे कळलं नसतं, कारण व्हिडिओला माझी पाठ दिसत नाही.

अडचण होती वेळेची. बँकेतून सुटून सात वाजता पोचायचं तर स्क्वॅटच्या, म्हणजे वजन घेऊन बैठका काढायच्या, रॅकपाशी रांग. पन्नास मिनिटांच्या व्यायामाला घरातून निघून परत येईपर्यंत पावणेदोन तास. सकाळची वेळ धरली तर डिसेंबर-जानेवारीतल्या नागपूरच्या थंडीत सहा वाजता गाडी काढायला हात धजावत नव्हता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी खुणा करत होते. आठवड्याला तीन याप्रमाणे ३९ वेळा जायचं होतं, गेले २५ वेळा.

म्हणून फेब्रुवारीत बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जाऊन सामान घेतलं. ४० किलो लोखंडी प्लेटा, दोन डंबेल रॉड, एक लांब रॉड, बाक आणि जाड रबरी मॅट. सगळे मिळून ११,३०० रुपये. आमचं घर तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर. स्लॅबची भीती वाटली म्हणून इंजिनिअर भाच्याला विचारलं. तो म्हणाला, राहत्या घराचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून आखतात, तुझ्या सामानाचं काहीच नाही. प्रश्न आला तो आवाजाचा. दुसऱ्याच दिवशी खालच्या काकू वर आल्या. "बाई, काय पडून राहिलं वरून?" त्यांच्या घरी आजारी माणूस आहे. मॅटवर आणखी एक मॅट टाकली आणि वजन सोडायचं नाही, टेकवायचं, हे ठरवलं. काकूंची पुन्हा तक्रार नाही.

जागा मात्र चुकली. सामान मागच्या खोलीत ठेवलं होतं. पश्चिमेची भिंत, वर उघडी गच्ची. एप्रिलअखेर रात्री नऊ वाजता रॉड हातात घेतला तर तवा उतरवून ठेवल्यासारखा गरम. कूलर लावला की हवा थंड, पण मॅट ओलसर होऊन पाय सरकायला लागला. वजन हातात असताना पाय सरकणं म्हणजे काय ते सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ कडे जायला लागल्यावर सगळं सामान पूर्वेच्या गॅलरीजवळ आणलं, वेळ पहाटे सव्वापाचची केली. विदर्भात घरी सामान आणणाऱ्यांनी आधी खोलीची दिशा बघावी, मग दुकानात जावं.

तरीही फेब्रुवारी ते मे या काळात ठरलेल्या ५१ दिवसांपैकी ४६ दिवस व्यायाम झाला. यात मोठा वाटा आईंचा आहे. पहिल्या आठवड्यात त्या नुसत्या बघत बसायच्या. "काहून एवढं उचलून राहिली, कंबर जाईल ना." मग एके दिवशी स्वतःच खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसल्या. डॉक्टरांना विचारून त्यांनाही खुर्चीतून हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं, एवढं सुरू केलं. पहिल्यांदा तीन वेळा जमलं. आता दहा होतात, आणि सव्वापाचला मी उठले नाही तर त्या दारावर टकटक करतात. वय ७६. क्लबमध्ये मला हे कुठून मिळालं असतं?

जूनच्या रिपोर्टमध्ये एचबीए१सी ५.८ आलं. जेवणातला भात कमी केला तोही याला कारणीभूत असणार.

पाठीवर धरायला ती काठी नाही, म्हणून पोछ्याचा दांडा वापरते. आई मागे उभ्या राहून बघतात आणि सुटला की सांगतात, "खालून सुटला." खांद्यावरून वजन वर ढकलण्याचा प्रकार अजून शिकायचा आहे. त्याला दांडा पुरत नाही, उजव्या खांद्यात टोचतं. त्यासाठी पुढच्या महिन्याचे, फक्त एकाच महिन्याचे पैसे भरून त्या ट्रेनर मुलीकडे जाणार आहे. तिला फोन केला तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "ताई, काठी टेकते ना तिन्ही ठिकाणी?"