बाभळीचा निखारा

आज पहाटे शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात तांब्याचा बंब पेटवला. थंडी पडली की आईला बंबाचंच पाणी लागतं. आणि खरं सांगू, मलाही.

लाकूड बाभळीचं. एप्रिलमध्ये वखारीतून आणलं तेव्हा ओलं आणि जड होतं. लगेच फोडून पत्र्याखाली रचलं. खाली विटा, बाजू वाऱ्याला मोकळ्या. ओलं जाळलं की बरीचशी आच त्यातलं पाणी उडवण्यातच जाते, वर डोळे चुरचुरतात ते वेगळंच. आज दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या, तर टणकन वाजल्या! टोकांना चिरा, साल नुसत्या बोटाने सुटत होती. आठ महिने थांबल्याचं सार्थक झालं.

आधी नारळाची शेंडी, वर काटक्या, मग बाभूळ. पेट घ्यायला ती वेळ लावते, पण एकदा लाल झाली की निखारा तासभर टिकतो. आंब्याचं लाकूड भरभर जळून जातं, तसं हिचं नाही. धूर इतका कमी की शेजारच्या काकूंनी दोरीवरचे कपडेसुद्धा काढले नाहीत.

पहिली बादली आईची. न्हाणीघरातून तिचा आवाज आला, "आज पाणी कसं छान कढत आहे गं!"

राख चाळून ठेवली आहे. उद्या चिंच लावून बंब घासायचा आहे.