नाव ब्लॅकबर्ड, कूळ भलतंच

न्यू जर्सीत मार्च लागला की तळ्याकाठच्या वाळक्या पाणकणसांवर ब्लॅकबर्ड येऊन बसतात. नर काळाकुळकुळीत, खांद्यावर लालभडक पट्टा, त्याला खालून पिवळी किनार. ओरडताना पंख फुलवतो तेव्हा लाल दिसतं. गप्प बसला की नुसती पिवळी रेघ. मादी मात्र तपकिरी, रेघारेघांची, चिमणीची थोरली बहीण वाटावी अशी.

'ब्लॅकबर्ड' म्हणून याचा व्हिडिओ कोथरूडच्या काकांना पाठवला. काका सुट्टीच्या सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून सिंहगडची दरी पालथी घालणारे. लगेच उत्तर आलं, "हा कस्तुर नव्हे रे. आवाज ऐक, बिजागरीला तेल नाही."

काकांचं बरोबर आहे. युरोपातला मूळ ब्लॅकबर्ड कस्तुरांच्या, म्हणजे थ्रश पक्ष्यांच्या कुळातला, गळ्याचा गोड. 1758 साली स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने त्याला टर्डस मेरुला म्हटलं. लॅटिनमध्ये टर्डस म्हणजे कस्तुर आणि मेरुला म्हणजे खुद्द हाच पक्षी. फ्रेंचांनी त्याचं मर्ल केलं; वाइनची मर्लो द्राक्षंही यावरूनच आली असं मानतात. सर्बियन भाषेत तो 'कोस', आणि कोसोवोचं नाव त्याच्यावरून पडलं.

इंग्रज इथे येऊन वसले आणि काळं दिसलं त्याला ब्लॅकबर्ड म्हणून मोकळे झाले. गंमत म्हणजे ब्लॅकबर्डचा खरा चुलतभाऊ इथल्या अंगणांत गांडुळं ओढत फिरतो, पण छाती तांबूस म्हणून त्याला म्हणतात रॉबिन! शास्त्रीय नावाने तरी त्याची लाज राखली आहे: टर्डस मायग्रेटोरियस. इथल्या 'ब्लॅकबर्डां'चं कूळ इक्टेरिडी, ग्रीक 'इक्टेरोस' म्हणजे कावीळ यावरून. विशिष्ट पिवळा पक्षी पाहिला की कावीळ उतरते अशी समजूत होती. प्राचीन रोमन लेखक प्लिनी तर लिहितो की रोगी बरा होतो आणि पक्षी मरतो. आपल्याकडे कावीळ उतरवणारे निदान स्वतः तरी शाबूत राहतात.

काकांच्या दरीतला कस्तुर म्हणजे टर्डस सिमिलिमस. ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ जेर्डनने 1839 मध्ये दिलेल्या या नावाचा अर्थ 'अगदी तसाच'. पुढे त्याला युरोपातल्याच्याच जातीत घातलं होतं, आता पुन्हा वेगळी जात मानतात. नाव मात्र अजून 'अगदी तसाच'! सह्याद्रीतल्या उपजातीचं नाव निग्रोपिलिअस, म्हणजे काळ्या टोपीचा. अंग करडं, चोच पिवळी-नारिंगी, डोक्यावर काळी टोपी. पुण्याच्या आसपास राहणाऱ्याला शोभेलसा.

अमेरिकेच्या पश्चिम भागात ब्रुअर्स ब्लॅकबर्ड आहे. पक्ष्यांचा चित्रकार ऑड्युबॉनने ते नाव बॉस्टनच्या आपल्या पक्षीतज्ज्ञ मित्रावरून, थॉमस ब्रुअरवरून ठेवलं. 2023 मध्ये अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटी या पक्षीतज्ज्ञांच्या संस्थेने माणसांवरून पडलेली अशी इंग्रजी नावं बदलायचं जाहीर केलं. ब्रुअर जायला माझी हरकत नाही. हात घालताच आहात तर ब्लॅकबर्डचंही बघा म्हणावं.