पंधराव्या किलोमीटरचं टेबल

वीस किलोमीटरच्या चॅरिटी वॉकमधल्या पहिल्या दहा किलोमीटरांत सांगण्यासारखं काही नसतं. गर्दी, गप्पा, फोटो, आणि सगळेच गरजेपेक्षा जोरात चालतात. खरी चाल बाराव्या-तेराव्या किलोमीटरनंतर, पाय सुजू लागले की सुरू होते.

म्हणूनच बूट अर्धा नंबर मोठे हवेत, आणि आधी दोन-चारदा लांब चालून सरावलेले. कोरे करकरीत बूट घालून आलेले लोक दरवेळी दिसतात, आणि पुढे रस्त्याच्या कडेला मोजे काढून बसलेलेही बहुतेक तेच. फोड नुसत्या घासण्याने येत नाही. ओलसर कातडी मोज्याला चिकटून बसते, आतलं हाड मात्र पावलागणिक पुढेमागे सरकतं; मधले थर सुटतात आणि तिथे पाणी भरतं. सुती मोजे घाम धरून ठेवतात, त्यापेक्षा सिंथेटिक किंवा लोकरीचे बरे. टाच हुळहुळली की तिथल्या तिथे थांबावं, पाय कोरडा करून सुरकुती न पडू देता टेप लावावी. टेपचे कोपरे गोल कापलेले असावेत, नाहीतर ते मोज्यात अडकून उचकटतात. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणणाऱ्याला पुढच्या थांब्यावर फोडच बघावा लागतो. नखं दोन-तीन दिवस आधी सरळ कापलेली असली आणि लेस घोट्याशी घट्ट असली, तर उतारावर बोटं बुटाच्या टोकावर आपटत नाहीत.

पाणी तहानेपुरतं प्यावं. भीतीपोटी प्रत्येक टेबलावर ग्लासामागून ग्लास रिचवले तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळतं, डोकं दुखतं. आणि बघणारे पाणी कमी पडलं असं समजून आणखी पाजतात.

आता ते टेबल. चॅरिटी वॉकमध्ये कृतज्ञता कुणाबद्दल वाटावी, तर माझ्या मते सगळ्यात आधी पंधराव्या किलोमीटरवर पाणी देणाऱ्यांबद्दल. ताशी सहा किलोमीटरने चालणारा तिथे अडीच तासांत पोचतो, तीनने चालणारा पाच तासांत. म्हणजे मधले अडीच तास ती माणसं उभी, शिवाय आधीची मांडामांड आणि नंतरची आवराआवर. आपण चालत असतो, त्यामुळे निदान पाय मोकळे राहतात. एका जागी उभं राहणं जास्त जड जातं, आणि त्यांना पदक मिळत नाही.

त्यांचे आभार मानायला शब्द पुरत नाहीत, पण रिकामा ग्लास पिशवीत टाकणं पुरतं. छातीवरचा नंबर जॅकेटखाली दडवू नये. कोण पुढे गेलं याची नोंद त्यावरूनच होते. टेबलासमोर घोळका करू नये, ग्लास घेऊन चार पावलं पुढे सरकावं.

सर्वात संताप येतो तो न सांगता घरी निघून जाणाऱ्यांचा. मागची गाडी शेवटच्या माणसाबरोबर चालते. यादीत एक नंबर कमी पडला की ती मागे वळते, टेबलं उघडीच राहतात, फोन सुरू होतात, आणि तो गृहस्थ घरी आरामात झोपलेला असतो. चाल सोडायची तर जवळच्या टेबलावर जाऊन नंबर द्यावा, एवढंच. अर्ध्यात सोडलं म्हणून तिथे कुणी नाक मुरडत नाही. उलट बसायला खुर्ची देतात आणि गाडी कधी येईल तेही सांगतात.