बघणारे झोपल्यावर

भाचा बर्लिनहून आलाय, कानबाईसाठी, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणासाठी. सुरतेहून, मुंबईहून माणसं येतात तसा हाही आला. सुट्टीच्या अर्जात त्याने काय कारण लिहिलं असेल याचा मी बराच विचार केला, पण विचारलं नाही.

दुपारी जेवणं उरकली. हिने माळ्यावरून कानबाईची नथ आणि डोळ्यांची डबी खाली काढली होती. नथीतला एक मोती ढिला झालाय, तो सोनाराला फोटो पाठवून दाखवावा म्हणून मी भाच्याचा मोबाइल मागितला. कॅमेरा सुरू केला तर पडदा काळा. उलटा करून बघतो तर कॅमेऱ्याच्या डोळ्यावर एक गोल स्टिकर, कपाळावरच्या टिकलीएवढा, कडेला थोडा मळलेला.

"काढायचा राहिला," तो म्हणाला. "क्लबमध्ये शिरताना दारावरच चिकटवतात. आत फोटो काढायचा नाही."

मी नखाने उचकटायला लागलो तर पटकन म्हणाला, "राहू द्या मामा, तुमच्या फोनवरून काढा."

मग सगळी उलटतपासणी झाली. शनिवारी मध्यरात्र उलटल्यावर आत गेला, बाहेर पडला सोमवारी सकाळी. मध्ये एकदा बाहेर येऊन खाऊन आला, हातावर शिक्का असतो म्हणून परत आत घेतात. झोप? एका कोपऱ्यात टेकला होता म्हणे थोडा वेळ. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "आणि सोमवारी कामावर?" "घरून काम होतं मामी." यावर स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात आपटलं.

बर्लिनमध्ये हे बेकायदा नाही. तिथल्या पश्चिम भागात दारूगुत्ते बंद करायची रात्रीची वेळच १९४९ साली काढून टाकली, कोरोनाचा काळ सोडला तर ती परत आली नाही. भिंत पडल्यावर पूर्वेकडचे रिकामे कारखाने, गोदामं, तळघरं पोरांच्या हाती लागली आणि तिथे टेक्नो, म्हणजे यंत्रावरचं ठोक्याचं नाचाचं संगीत, वाजायला लागलं. त्यातला सगळ्यात नावाजलेला क्लब म्हणजे बर्गहाइन. तो २००४ साली उघडला, तोही जुन्या वीजकेंद्रात. हे ऐकून मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर आमच्या भुसावळजवळचं वीजकेंद्र, दीपनगर. तिथल्या एखाद्या बंद पडलेल्या जुन्या संचाच्या हॉलमध्ये शनिवारी रात्री भुसावळची पोरं शिरताहेत आणि सोमवारी सकाळी डोळे चोळत बाहेर येऊन कट्ट्यावर चहा पिताहेत. राखेची तर तिथे कमी नाहीच. भाचा हसला, पण मी गंभीर होतो. २०२४ साली जर्मनीने बर्लिनचं टेक्नो आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलंय. वारसा काय आपल्याकडे कमी आहे?

नाचाच्या बाबतीत माझं एक जुनं मत आहे. घरात ते कुणी मनावर घेत नाही. खरा नाच बघणारे झोपल्यावर सुरू होतो. हळदीच्या रात्री बघा. आठ वाजता पोरं नाचतात ती मोबाइलकडे तोंड करून. कुणी तरी काकांना ओढून आणतं, काका दोन हात वर करतात, शूटिंग होतं, काका घाम पुसत खुर्चीवर. नवरदेवाचे मित्र गॉगल लावून रांगेत एकसारखं काही तरी करतात, ते त्यांनी आधी बसवलेलं असतं. हा सगळा कार्यक्रम झाला. नाच नंतर, जेव्हा व्याही मंडळी पांगलेली असतात, मंडपाचे दोन दिवे बंद केलेले असतात आणि पाच-सात माणसं उरतात ज्यांना कुणाला काहीच दाखवायचं नसतं. त्यात एक तरी असा निघतोच, जो वर्षभर कुणाशी धड बोलत नाही.

आमच्याकडे ती मोठी माय होती.

बोरी नदीकाठचं आमचं घर धाब्याचं. कानबाईच्या रात्री मधल्या खोलीत चौरंग, केळीचे खांब, नथ ल्यालेला नारळ, समया. बाया गाणी म्हणायच्या, कुणी तांब्यावर अंगठी वाजवायची. पुरुष ओट्यावर. नाना, म्हणजे माझे आजोबा, तंबाखू मळत रस्त्याकडे तोंड करून बसायचे, आणि ते मुद्दाम तसे बसायचे हे मला फार उशिरा कळलं. आम्हा पोरांना भिंतीशी गोधड्यांत घालून ठेवलेलं. झोपायचं आणि बघायचं नाही, असा हुकूम. माझ्या गोधडीला कोपऱ्यात भोक होतं.

मोठ्या मायचा पदर बारा महिने नाकापर्यंत असायचा. नानांसमोर ती कधी बोलली नाही. भाकरी वाढताना हात दिसायचे, तेवढीच ती. गाण्यांत ती होती पण आवाज दुसऱ्यांच्या मागे. मग कधी तरी बारा वाजून गेल्यावर फुगड्या सुरू व्हायच्या, हसण्याचे आवाज यायचे, ओट्यावरचं घोरणं वाढायचं, आणि मोठी माय उठायची. पदर कमरेला खोचलेला. दोन पावलं पुढे, एक मागे, गिरकी, परत दोन पुढे. बस्स, इतकंच. भोकातून मला तिचे पायच जास्त दिसायचे. भेगाळलेल्या टाचा, त्यांत हळद भरलेली, आणि टाच फरशीवर आपटली की जोडव्यांचा बारीक आवाज. गाणं संपलं तरी ती थांबायची नाही, बाकीच्या तिच्यासाठी पुढचं धरायच्या. एकदा ती वळली तेव्हा चेहरा दिसला. डोळे मिटलेले, कुंकू घामाने नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरलेलं. पहाटे विसर्जनाची तयारी सुरू झाली की पदर पुन्हा जागच्या जागी. दिवसा कुणी त्याचा विषय काढत नसे.

मी काढला. कॉलेजात गेल्यावर, शहाणपण आलं असं वाटत होतं तेव्हा, तिला कौतुकाने म्हटलं, "मोठी माय, काय नाचायचीस गं तू!" ती निवडत होती ते सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"तू जागा व्हता का मंग?"

एवढंच म्हणाली. पुन्हा सूप हातात घेतलं.

स्टिकरचं मला पटलं ते असं. भाच्याला वाटलं मामाला आधुनिक गोष्टी पटतात.

शिकागोचंही त्यानेच सांगितलं. १९७७ पासून तिथे वेअरहाउस नावाच्या जागेत फ्रँकी नकल्स हा न्यूयॉर्कहून आलेला डीजे वाजवायचा. येणारी पोरं बहुतेक काळी, लॅटिनो, त्यांतली कितीतरी समलिंगी. दिवसा ज्यांना जग जागा द्यायला तयार नव्हतं ती. तिथे दारू विकत नसत, फळांचा रस मिळायचा, त्यामुळे बारची बंद व्हायची वेळ त्यांना लागू नव्हती. सकाळ होऊन ऊन वर येईपर्यंत चालायचं. तिथल्या नाचाच्या संगीताला हाऊस म्युझिक हे नाव त्याच जागेवरून पडलं. मला ती रसाची गोष्ट फार आवडली. आमच्या जागरात गुळाचा चहा असायचा, पितळी पातेल्यात, रात्रभर निखाऱ्यावर. कायद्याची आणि सासऱ्याची वेळ चुकवायची असेल तर माणूस शुद्धीवर असलेला बरा.

आता आमच्याकडे वेळ आहे रात्री दहाची. २००० सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियम, त्यावर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओढलेली पक्की रेघ. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. वर्षातले काही दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, बंद सभागृहाला हा नियम तसा लागत नाही. मी नियमाच्या बाजूचा माणूस आहे. पिकअपवर बेसच्या डब्यांची भिंत रचून ती गल्लीत शिरते तेव्हा आमच्या मांडणीवरची ताटं आपोआप वाजतात, आणि समोरच्या आप्पांची बायपास झालेली आहे, ते उशी कानावर घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसतात. बर्लिनच्या त्या इमारतींना जाड भिंती तरी असतात. पिकअपला चारही बाजूंनी गाव असतं. पण दहा वाजता बंद झालं की होतं काय, की बघणाऱ्यांच्या वेळेतलं तेवढं उरतं आणि नाचणाऱ्यांच्या वेळेतलं कापलं जातं. नुसत्या गळ्याने रात्र काढायची तर गाणी पाठ लागतात. ती मोठ्या मायच्या पिढीबरोबर गेली.

आणि डीजेचं एक मला अजिबात सहन होत नाही. गाणं पुरं वाजवतच नाहीत. पाय जरा लयीत आले की खर्रकन कापायचं, मध्ये कुठल्या तरी भाऊंचं नाव घ्यायचं, भोंगा, दुसरं गाणं, अर्ध्या मिनिटात तेही गेलं. भाच्याला विचारलं तर म्हणे तिथे उलटं. एकाच ठोक्यावर तासन्‌तास. एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच्याखाली हळूच सुरू केलेलं असतं, दोघांचा वेग पट्टी सरकवून जुळवलेला असतो, आणि गाणं कधी बदललं ते नाचणाऱ्याला कळू नये यात डीजेचं कसब. १९७२ साली निघालेल्या टेक्निक्सच्या तबकडीयंत्रावर ही विद्या पिकली. आता तबकड्या कमी झाल्या, विद्या तीच.

हे ऐकताना मला वाटलं, यात नवीन काय? साक्रीकडे आदिवासींच्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात मार्गशीर्षाच्या थंडीत पावरी वाजते ती काय अर्ध्या मिनिटाला बदलते? एक माणूस, भोपळ्याची पावरी, गाल फुगलेले, आणि भोवती गोल धरलेली माणसं. ऐकणाऱ्या पाहुण्याला दहा मिनिटांत कंटाळा येतो. गोलात असलेल्याला येत नाही. सातपुड्यात काठी गावची होळी तर याच हिशेबाने चालते. माणसं डोंगर उतरून, चढून येतात. कमरेला भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचे टोप, अंगावर राखेचे ठिपके, रात्रभर ढोल, आणि होळी पेटते ती पहाटे. एकदा आम्ही तिथे गेलो होतो. बरोबरचे काही जण बाराच्या सुमारास "झालं ना बघून?" म्हणत गाडीत जाऊन झोपले.

गंमत म्हणजे हीच पावरी आता हळदीत कॅसिओवर वाजते. "पावरी लाव, पावरी लाव" म्हणून पोरं बेंजोवाल्याच्या अंगावर नोटा ओवाळतात. आणि ती एकच धून अशी आहे जी कापली की मारामारी होते. म्हणजे लोकांना कळतं. फक्त डीजेला कळत नाही.

संध्याकाळी रोटाचा, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचा, विषय निघाला. आमच्याकडे रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. सासरी गेलेल्या लेकीला चालत नाही, मग तिच्या मुलाला कुठून चालणार? भाचा बिचारा सात समुद्र ओलांडून आला, त्याला खीर मिळेल, गंगाफळाची भाजी मिळेल, पुरणपोळी हवी तेवढी मिळेल. रोटाच्या ताटावर मात्र त्याची आजी, म्हणजे माझी आई, उभी असते. ती कारण सांगत नाही, वाद घालत नाही, मान हलवते. भाचा म्हणाला, तिकडे दारावर अगदी असाच माणूस असतो. तोंडाकडे बघतो आणि हो किंवा नाही. का, ते विचारायचं नसतं. आईने हे ऐकलं आणि विचारलं, "त्या मानूसले पगार किती शे?"

मी भाच्याला म्हटलं, एकदा मला घेऊन चल. बघायला नाही, नाचायला. तो खूश झाला आणि लगेच सूचना द्यायला लागला. काळे कपडे घालायचे. चार-पाच जणांचं टोळकं करून जायचं नाही. रांग दोन-दोन तास असते, त्यात हसायचं-खिदळायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, पुढच्या-मागच्याला कुठले तुम्ही, घरी कोण कोण असतं, असलं काही विचारायचं नाही.

"दोन तास?"

"कधी तीनसुद्धा."

मग राहिलंच. काळा शर्ट शिवून घेता येईल, गुडघ्याला पट्टा बांधता येईल. पण तीन तास रांगेत उभं राहून मागच्याचं गाव विचारायचं नाही, हे अमळनेरच्या माणसाच्यानं कसं व्हायचं?