लिंबाचं टार्ट की लिंबाचं मेरँग?

रविवार, रात्री

राजारामपुरीतून आणलेल्या परफ्यूमच्या दोन छोट्या कुप्या सध्या आलटून-पालटून लावून बघतेय. दोन्ही लिंबाच्या गोड पदार्थांवरून केलेले. एक लेमन टार्ट, दुसरा लेमन मेरँग पाय, ज्यावर अंड्याचं पांढरं आणि साखर फेटून केलेला फेस असतो. मोठी बाटली एकाचीच घ्यायची, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

पहिल्या फवाऱ्याला मेरँग बाजी मारतो. लिंबाची साल नखानं खरवडली की उडतो तो ताजा, किंचित कडवट वास, आणि मागोमाग साखरेचा फेस. पण लिंबू टिकत नाही. सालीच्या तेलात मुख्यतः लिमोनीन असतं, आणि लिंबाचा खास वास देणारं सिट्रल. दोन्ही भराभर उडून जाणारी. मग मनगटावर उरतो तो खालचा थर, आणि दिवसभर संसार त्याच्याशीच करायचा असतो.

मेरँगच्या तळाशी एथिल माल्टॉल या रसायनाचा वास आहे, अगदी भाजलेल्या साखरेचा. 1992 साली म्यूग्लर या फ्रेंच ब्रँडच्या ‘एंजल’ परफ्यूममध्ये ते सढळ हातानं वापरलं गेलं आणि खाऊच्या वासाच्या परफ्यूमची लाट आली. आम्हा कोल्हापूरकरांना हा वास परका नाही. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटत आला की काकवीचा जो दाट वास सुटतो, त्याच्या अगदी जवळचा. म्हणून तर मन तिकडं ओढ घेत होतं. पण काल दुपारी तोच लावून महाद्वार रोडला गेले आणि उकाड्यात गोडवा इतका चढला की मळमळायला लागलं. गुऱ्हाळातून बाहेर मोकळ्या हवेत येता येतं. मनगटावरच्या वासापासून लांब जाता येत नाही.

टार्टचा तळ वेगळा. लोणी, खरपूस भाजलेलं बिस्कीट, थोडं व्हॅनिला, आणि कणभर खारटपणा. त्या खारटपणामुळं असेल, लिंबू उडून गेल्यावरही आंबटपणा मागं रेंगाळतोय असं वाटतं. आज संध्याकाळी आई शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “ओव्हनमध्ये काय ठेवलंयस गं?” मला नेमकं हेच हवं होतं. माणूस जवळ आल्यावर कळावं, जिन्यातच नव्हे.

टार्टच घेणार. तीही 30 मिलीची बाटली. लिंबाचं तेल उजेडानं आणि उष्णतेनं बिघडतं, वर्षानुवर्षं साठवण्यात अर्थ नाही. मेरँगची उरलेली कुपी डिसेंबरसाठी कपाटात ठेवलीय, थंडीत तो गोडवा अंगावर येणार नाही.