शेठजींचा स्वल्पविराम

१२३४५६७ असा सलग आकडा दिसला की माणूस उजवीकडून बोट फिरवायला लागतो: एकं, दहं, शतं. तोच १२,३४,५६७ असा लिहिला की मोजायचं काम संपलं, नुसतं हरखायचं किंवा हबकायचं राहतं. प्रोग्रॅमला मात्र हिशोबासाठी स्वल्पविराम लागत नाही. स्वल्पविराम हा फक्त माणसासाठी.

इथं कोल्हापूरला, शाहू मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानासाठी बिलाचा प्रोग्रॅम लिहीत होतो. पडद्यावर १,२३४,५६७ उमटलं. शेठजींनी चष्मा कपाळावर ढकलला. "ह्यो आकडा कुठल्या गावचा म्हणायचा?"

प्रश्न रास्तच. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला स्वल्पविराम टाक म्हटलं की तो तीन-तीनचे गट पाडत सुटतो. लाख-कोटी त्याच्या गावीही नाहीत. जावा या दुसऱ्या भाषेतलं आकडे मांडायचं साधन, डेसिमलफॉरमॅट, त्याहून हट्टी. नमुन्यात दोन-दोनचे गट दाखवले तरी ते शेवटच्या स्वल्पविरामापुढची घरं मोजतं आणि तेच माप सगळीकडं लावतं. जावास्क्रिप्ट ही तिसरी भाषा त्या मानानं समजूतदार. 'एन-आयएन', म्हणजे भारतातली इंग्रजी, असं सांगितलं की लाखाचा स्वल्पविराम जागेवर. 'एमआर-आयएन', म्हणजे भारतातली मराठी, म्हटलं तर आकडेसुद्धा देवनागरी: ₹१२,३४,५६७.००. शेठजी म्हणाले, "हे लै भारी!" त्यांच्या सीएंचा चेहरा मात्र उतरला.

मग त्या '.००' वरून वाद. चलन कुठलं हे सांगितलं की दशांशाची घरं आपोआप ठरतात. जपानी येनला एकही नाही, कुवेती दिनारला तीन, रुपयाला दोन. "पैसे बघितल्याला किती वर्षं झाली? काढा ते," शेठजी म्हणाले. चार आण्याचं नाणं २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलं, तेव्हा त्यांचंही खरंच. काढले. पण आत, हिशोबात, मी सगळी रक्कम पैशांतच ठेवतो, पूर्णांकात. कारण दशांशात ठेवली तर ०.१ आणि ०.२ ची बेरीज संगणक ०.३०००००००००००००००४ अशी सांगतो, आणि अडत, हमाली, तोलाई अशा कापण्या होत गेल्या की हा चोरटा चार कुठं डोकं वर काढील सांगता येत नाही. शंभरानं भागायचं ते अगदी छापताना.

खरी दमछाक 'अक्षरी रुपये' छापताना. इंग्रजीत वीसच्या पुढं दहाचा शब्द आणि एककाचा शब्द जोडला की भागतं. मराठीत एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर, प्रत्येकाचा थाट वेगळा. नव्व्याण्णवपर्यंतची अख्खी यादी हातानं भरली, दिवाणजींनी ती पेन्सिल घेऊन तपासली आणि 'त्र्याऐंशी'चं शुद्धलेखन सुधारून दिलं.

आता बिल देखणं छापून येतं. तरी दिवाणजी प्रत्येक रकमेपुढं पेनानं '/-' ओढतातच. प्रोग्रॅममध्ये टाकून देऊ का, विचारलं तर म्हणाले, "नको. त्येवढं आमच्या हातचं राहू द्या."