चार्ल्स्टनचा पायलट आणि आमच्या घराचा कागद

परवा परत एकदा इथे गोव्यात मामलेदार कचेरीत जाऊन आलो, घराच्या मुंडकारीच्या (घर आपलं, पण खालची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची) केससाठी, आणि सवयीप्रमाणे पुढची तारीख घेऊन आलो. साहेब मीटिंगला गेलेले. दीड तास बाकावर बसून समोरच्या पिवळ्या फायलींच्या ढिगाकडे बघत होतो आणि डोक्यात काय आलं तर चार्ल्स्टन. आता इथल्या कचेरीत बसून अमेरिकेतलं बंदर का आठवावं ते सांगतो, थोडं लांबेल.

मी बावीस वर्षं तारवटी होतो (घाटावरच्या वाचकांसाठी, जहाजावर नोकरी करणारा तो तारवटी). साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन बंदर आमच्या कंटेनर जहाजाच्या रूटवर होतं. आत शिरताना डाव्या हाताला फोर्ट सम्टर दिसतो, बुटका, विटांचा, आपल्या आग्वादच्या मानाने काहीच नाही, पण 12 एप्रिल 1861 ला याच किल्ल्यावर तोफा डागल्या आणि अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं, गुलामगिरीवरून दक्षिण विरुद्ध उत्तर. आमच्या पायलटने (बंदरात जहाजाला वाट दाखवायला चढतो तो) एकदा जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे सुकाणूच्या खोलीत, उभं राहून रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून गेला नाही.

स्मॉल्स जन्माने गुलाम. ‘प्लँटर’ नावाच्या बोटीवर सुकाणू धरायचा, खाडीतली वाट त्याला पाठ, पण काळ्या माणसाला पायलट म्हणायचं नाही म्हणून नुसता व्हीलमन. 13 मे 1862 च्या पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले असताना, याने बोट सोडली, दुसऱ्या धक्क्यावरून आपल्या बायकामुलांना घेतलं, कॅप्टनची हॅट डोक्यावर चढवली आणि फोर्ट सम्टरसमोरून जाताना ठरलेली शिट्टी अगदी बरोबर वाजवली. तोफेच्या माऱ्यातून बाहेर पडल्यावर झेंडा उतरवून पांढरी चादर लावली आणि बोट थेट उत्तरेच्या आरमाराच्या ताब्यात दिली. वय 23! अंधारात, भरती-ओहोटी सांभाळत, हात न थरथरता शिट्टी देणं म्हणजे काय ते ज्याने रात्रीची ड्यूटी केलीय त्यालाच कळेल.

पण मला सांगायचंय ते त्याच्या घराबद्दल. ब्यूफर्ट गावात ज्या मालकाच्या घरात त्याची आई मोलकरीण होती, ज्याच्या मागच्या झोपडीत हा जन्मला, ते घर युद्धात कर थकल्यामुळे लिलावात निघालं आणि स्मॉल्सने ते विकत घेतलं. युद्धानंतर जुन्या मालकीचा दावा सांगत एक गोरा कोर्टात गेला. केस वर वर जात 1878 मध्ये थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पोचली आणि स्मॉल्स जिंकला, कारण लिलाव कायद्याने झाला होता आणि कागद पक्का होता.

आता दुसरी बाजू. एकदा इंजिनाच्या कामासाठी जहाज चार दिवस अडकलं, तेव्हा खलाशांच्या मिशनच्या व्हॅनने आम्हाला फिरवलं. ड्रायव्हर म्हातारा, काळा, एडिस्टो बेटावरचा. त्याने वाटेत खाडीकाठची जुनी भातशेती दाखवली आणि मी बघतच राहिलो, कारण ते आपलं खाजनच होतं, खाडीकाठी बांध घालून केलेली शेती! तोच चिखल, तेच बांध, आणि पाणी आतबाहेर करायला आपलं मानस असतं तसंच लाकडी दार, त्याला ते ट्रंक म्हणतात. पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना भाताची जाण होती, हे सगळे बांध त्यांच्याच घामाने उभे राहिलेत. 1860 मध्ये या राज्यात सुमारे सात लाख माणसं, त्यातली चार लाख गुलाम. निम्म्याहून जास्त!

जानेवारी 1865 मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनने हुकूम काढला की चार्ल्स्टनच्या दक्षिणेचा हा किनारा मोकळ्या झालेल्या काळ्या कुटुंबांना, प्रत्येकी 40 एकरपर्यंत. लोकांनी एडिस्टोवर येऊन जमीन कसायला घेतली. पण हातात होता तो नुसता ताब्याचा कागद, मालकीचा नाही. त्याच वर्षी प्रेसिडेंट जॉन्सनने जुन्या मळेवाल्यांना माफी दिली आणि जमिनी परत करा म्हणून सांगितलं, आणि ही बातमी सांगायला ऑक्टोबरमध्ये जनरल हॉवर्डला एडिस्टोच्या चर्चमध्ये पाठवलं. लोकांनी अर्ज लिहून दिला की आम्हाला घरापुरती जमीन विकत तरी द्या, नाहीतर आम्ही परत त्याच मालकांच्या दारात. कोण ऐकतोय! म्हातारा ड्रायव्हर हे सगळं असं सांगत होता की काल घडलंय, आणि मला माझी आजी आठवत होती.

माझी आजी मुंडकार. कुणी अंगावर यायच्या आधी सांगतो, मुंडकार म्हणजे गुलाम नव्हे, कुणी आम्हाला विकलं नाही (जुन्या गोव्याच्या बाजारात आफ्रिकेतून आणलेली माणसं विकली जायची, ती गोष्ट वेगळी आणि त्याबद्दल आपण फार बोलत नाही). पण घर आमचं, मातीच्या भिंती आमच्या, जमीन पात्रांवाची, म्हणजे भाटकाराची. माडाचा एक नारळ पडला तरी त्याच्या दारात नेऊन द्यायचा, त्याच्या घरी लग्नकार्य असलं की बोलावल्याशिवाय राबायला जायचं. 1963 च्या डिसेंबरात पहिल्यांदा मत द्यायला जाताना ती भाटकाराच्या अंगणातून नाही, मुद्दाम मोठ्या वाटेने गेली, असं आई सांगते.

मत मिळालं, शाळा मिळाली. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी मराठी शाळा उघडल्या, माझे काका-मामा त्यातच शिकले. तिकडेही तेच झालं होतं. 1868 मध्ये चार्ल्स्टनला राज्यघटना लिहायला 124 प्रतिनिधी बसले, निम्म्याहून जास्त काळे, त्यात हा स्मॉल्सही, आणि सगळ्यांच्या मुलांसाठी सरकारी शाळा हा ठराव घटनेत घालण्यासाठी तो भांडला. अवघ्या तीन वर्षांपूर्वी याच राज्याच्या कायद्यात काळ्या माणसाला शेती किंवा घरकाम सोडून दुकान टाकायचं तर वर्षाला 100 डॉलर भरून लायसन्स लागायचं! नंतर विधानसभेत बहुमतही काळ्यांचं. सरकारने मळे विकत घेऊन तुकडे करून हप्त्याने विकायला खातं काढलं, त्यात सुरुवातीला पैसे खाल्ले गेले ते आहेच, पण हजारो कुटुंबांना त्यातूनच जमीन मिळाली.

बाकीचं सगळ्यांना माहीत असतं. काळ्यांवर हल्ले करणाऱ्या क्लानवाल्यांचा रात्रीचा धिंगाणा, लाल सदरे घातलेल्या गोऱ्या टोळ्यांच्या दहशतीतली 1876 ची निवडणूक, पुढच्या एप्रिलमध्ये स्टेट हाउसवरून केंद्राचं सैन्य काढून घेतलं आणि सरकार पडलं, आणि 1895 मध्ये नवी घटना करून मतही काढून घेतलं. म्हातारा स्मॉल्स त्या सभेतही होता, विरोधात बोलला, हरला. मत गेलं, खुर्ची गेली, पण ब्यूफर्टचं घर 1915 मध्ये मरेपर्यंत त्याचंच राहिलं. मला वाटतं इतिहासाची पुस्तकं मताबद्दल जास्त लिहितात आणि सातबाऱ्याबद्दल कमी, आपल्याकडे तर एक-चौदाचा उतारा.

आपला मुंडकार कायदा 1975 चा. चांगला कायदा, घराखालची जमीन मुंडकाराला विकत घेता येते. पण अर्ज केल्याशिवाय, मामलेदाराने सही केल्याशिवाय काही होत नाही, आणि आजीने अर्ज कधी केलाच नाही, कारण पात्रांव तोंडी म्हणाला होता, राहा गे, तुला कोण काढतोय. तो गेला, मुलगा गेला, नातवाने दिल्लीच्या पार्टीला भाट, म्हणजे ही सगळी जमीन, दाखवायला सुरुवात केली तेव्हा आम्हाला जाग आली.

त्या ड्रायव्हरला मी हे सांगितलं तर तो खो खो हसला. म्हणाला आमच्याकडे पण हेच, आजोबाने घेतलेली जमीन, मृत्युपत्र नाही, आता बेचाळीस वारस, एकाने हिस्सा विकला की रिसॉर्टवाला सगळीच जमीन लिलावात काढतो. सी आयलंड्सवर, म्हणजे एडिस्टोसारख्या तिथल्या किनाऱ्याच्या बेटांवर, हे अजून चालू आहे. मी म्हटलं आमचे वारस सातच.

त्या सातातला एक इंग्लंडमध्ये स्विंडनला आहे, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला, वेअरहाउसमध्ये नाइट शिफ्ट करतो. कारकुनाने परवा सांगितलं की त्याचं मुखत्यारपत्र आल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही. रात्री व्हॉट्सअॅपवर फोन लावला, म्हणतो, दादा, नाताळला येतो तेव्हा करूया. पुढची तारीख 14 ऑक्टोबरची आहे.